निरोपातलं ‘लवकर’

सरांनी फळ्यावर खडूनं एक आडवी रेघ ओढली आणि तिच्यावर एकापुढं एक ठिपके काढले, तेव्हा श्रीपती सरवदे तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसला होता आणि त्याचं अर्धं लक्ष बाहेर सायकलींना कुलपं लावणाऱ्या मुलींकडं होतं. पुण्यातल्या त्या विभागात शनिवारी दुपारी चर्चासत्र होई. आज दिल्लीहून कुणी पाहुणे आले होते म्हणून सर नेहमीपेक्षा जास्त खुलले होते. संदेश एका तोंडून दुसऱ्या तोंडी जाताना त्याचं काय होतं, यावर ते बोलत होते. "हे ठिपके म्हणजे बायका," ते म्हणाले. "बहात्तरच्या दुष्काळातलं मातीकाम. बायका रांगेत उभ्या आहेत, मातीच्या पाट्या हातोहात पुढं सरकतायत. या टोकाला एक म्हातारी मुलं सांभाळतेय. ती निरोप धाडते, अमकीच्या मुलीला आकडी आली, तिला लवकर यायला सांगा. पाट्यांबरोबर निरोपही पुढं जातो. दुसऱ्या टोकाला आईला काय मिळतं? मुलगी तुझी वाट बघतेय, ये. आकडी गेली, लवकर गेलं. म्हणजे निरोप पोचतो, तातडी वाटेत गळते." पाहुण्यांनी मान डोलावली. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, त्या मुलीचं मग काय झालं?" "गेली ती," सर म्हणाले. "पण तो आपला प्रश्न नाही." मग ते श्रीपतीकडं वळले. "ही नोंद आपल्या श्रीपतीच्या क्षेत्रकामातली आहे. फार सुंदर नोंद आहे." सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या, आणि श्रीपती हसला. कौतुक झाल्यावर माणूस लाजून हसतो तसा. ते हसू आपल्या गालांवर आलेलं त्याला कळलं, आणि काढावं म्हटलं तरी ते लगेच जाईना. सर डस्टरनं फळा पुसत होते. रेघ आधी पुसली गेली, ठिपके थोडा वेळ तसेच अंधुक राहिले. त्यातला शेवटचा ठिपका त्याची बहीण होती.

पाणी पिऊन येतो असं शेजारच्याला सांगून तो बाहेर पडला आणि परत गेला नाही. खोलीवर जाऊन त्यानं पिशवीत एक सदरा कोंबला आणि सोलापूरची गाडी धरली. गाडीत बसल्यावर त्याला पहिल्यांदा भीती वाटली. आपण अक्काकडं जाऊन काय सांगणार आहोत हे त्याला माहीत नव्हतं. चांगुणा त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी. लोहाऱ्याजवळच्या त्यांच्या गावात आईबाप दोघंही दुसऱ्याच्या शेतावर, त्यामुळं श्रीपती वाढला तो अक्काच्या कडेवर आणि पुढं तिच्या बोलण्यात. अक्का फार बोलायची. शेण गोळा करताना, पाणी शेंदताना, ज्वारी निवडताना तिचं तोंड चालूच असायचं आणि ते सगळं श्रीपतीसाठी असायचं. कुणाच्या म्हशीनं कुणाला ढुशी दिली, मास्तरीणबाई कसं पदर खोचून चालतात, आभाळातून विमान जातं तेव्हा आतली माणसं खाली बघून काय म्हणत असतील. तो फक्त हं म्हणायचा. एखादं हं चुकलं तर ती म्हणायची, "शिरपा, झोपलास व्हय रं?" आणि तो दचकून हं म्हणायचा. चौथीनंतर तिला शाळेतून काढलं, कारण दोघांना शिकवणं जमणार नव्हतं. ती त्याबद्दल कधी काही बोलली नाही. पण त्याला शाळेतून आल्यावर समोर बसवून, आज काय शिकवलं ते पहिल्यापासून सांगायला लावायची. ती पंधरा वर्षांची असताना तिचं लग्न चिंचवंडच्या पिराजीशी झालं. वरातीची बैलगाडी गावाबाहेर पडली तेव्हा श्रीपती बारा वर्षांचा होता. त्या दिवशी संध्याकाळी घर इतकं गप्प झालं, की आई म्हणाली, भांडी तरी वाजव रे कुणीतरी.

पुढं वसतिगृह आलं, औरंगाबादचं कॉलेज आलं, शिष्यवृत्ती आली. संज्ञापन हा शब्द त्यानं पहिल्यांदा वाचला तेव्हा त्याला तो कोरडा वाटला होता, पण त्याच्या आतलं त्याला एकदम पटलं. कोण कुणाला काय सांगतं, कशातून सांगतं, ऐकणाऱ्याचं काय होतं. अक्का आणि आपण, असं त्याच्या मनात तेव्हा येऊन गेलं होतं. मग शब्द वाढत गेले आणि अक्का मागं पडली. बहात्तरच्या दुष्काळात तो औरंगाबादला होता. दिवाळीला घरी आला तेव्हा वडील बाजेवर बसून पायाला तेल लावत होते. ते म्हणाले, "चांगुणाची गौतमी गेली. श्रावणात." वडील खाली बघत म्हणाले, "कामावर निरोप गेला व्हता. उठली न्हाय ती. मातीचं मोजमाप कमी भरंल म्हनून काम सोडून उठली न्हाय. आता काय बोलावं." हे वाक्य नंतर त्यानं आईकडून ऐकलं, मावशीकडून ऐकलं, लोहाऱ्याच्या बाजारात चिंचवंडच्या एका माणसाकडून ऐकलं. प्रत्येकाकडून अगदी तसंच. उठली न्हाय. त्या दिवाळीला अक्का माहेरी आली. वाळलेली होती, पण हसत होती. त्यानं तिला परीक्षेबद्दल सांगितलं, कॉलेजच्या इमारतीबद्दल सांगितलं. गौतमीचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर पुढचा प्रश्न विचारावा लागला असता, तू का उठली नाहीस, आणि तो विचारायचं धैर्य त्याच्यात नव्हतं. ती मात्र त्याचं बोलणं संपेपर्यंत हं हं करत राहिली. तेव्हापासून ती फार बोलेनाशी झाली हे त्याला दिसत होतं. अपराधी माणूस बोलत नाही, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

सोलापूरला गाडी बदलून जळकोटला तो उतरला तेव्हा उजाडलं होतं. हायवेवरच्या हॉटेलात त्यानं चहा घेतला. लोहाऱ्याची जीप भरायला वेळ होता. ड्रायव्हर टपावर कोंबड्यांची टोपली बांधत होता. मागच्या वर्षी याच ठिकाणी तो आणि सिद्धलिंग प्रश्नावल्यांची बोचकी घेऊन उतरले होते. सिद्धलिंग उमरग्याकडचा, त्याच्याच वर्गातला, जाड चष्म्याचा, सरळ मनाचा पोरगा. श्रीपतीच्या प्रबंधाचा विषय होता, सहकारी दूध संस्थेची बातमी गावात कशी पसरली. कुणाला ती आधी कुणाकडून कळली, कोण कुणाशी बोलतं, कोण कुणाचं ऐकतं. गावं चिठ्ठ्या टाकून निवडली होती, आणि चिठ्ठीत चिंचवंड निघालं. तो धावत सरांकडं गेला होता, सर, तिथं माझी बहीण आहे. सर म्हणाले होते, चिठ्ठीत निघालंय ना, मग राहू दे. फक्त त्या घरी तू जायचं नाहीस. ओळखीचं माणूस समोर असलं की उत्तरदाता खरं बोलत नाही, त्याला बरं वाटेल ते बोलतो. ती मुलाखत सिद्धलिंग घेईल. ते त्याला पटलंच होतं. एवढंच नव्हे, या नियमानं त्याला थोडं सुटल्यासारखंही वाटलं होतं.

त्या दिवशी सकाळी दोघं अक्काच्या घरी गेले. तिनं चहा केला. श्रीपतीनं तिला समजावून सांगितलं, "अक्का, हा सिद्धलिंग तुला काही विचारील. मी तिकडं हिंमतरावांना विचारायला त्यांच्या वाड्यावर जातो." ती म्हणाली, "तू न्हाय इचारनार?" "मला चालत नाही." "का बरं?" "नियम हाय तसा." तो बाहेर पडला, पण हिंमतराव शेताकडं गेले होते म्हणून परत आला आणि अक्काच्या घराच्या मागं, कुडाच्या भिंतीला टेकून लिंबाच्या सावलीत बसला. आतलं सगळं ऐकू येत होतं. उठून जावं असं त्याच्या मनात आलं, पण तो उठला नाही. दूध संस्थेची बातमी कुणाकडून कळली? "कुनाकडनं न्हाय. क्यान दिसले." गावात कुणाचं ऐकता? "ज्यो बोलंल त्येचं ऐकते की." मनातलं काही असलं तर कुणाशी बोलता? "कुनाशी न्हाय." सिद्धलिंग अदबीनं म्हणाला, "कुणीतरी असेल ना अक्का. मालक, जाऊ, शेजारीण." "भाऊ हाय माझा. त्येच्याशी बोलते." "पण तो तर पुण्याला असतो." "भाकरी करताना बोलते," अक्का म्हणाली. कुडाबाहेर श्रीपतीनं डोळे मिटले. आत सिद्धलिंगनं कागद मागंपुढं केले. प्रश्नावलीत या उत्तराला कोणता आकडा लावायचा हे त्याला कळलं नसणार. मग त्यानं पुढचा प्रश्न वाचला. कधी एखादा निरोप तुमच्यापर्यंत उशिरा किंवा चुकीचा पोचला, असं झालं आहे का?

आणि मग अक्का बोलली. कितीतरी वर्षांनी तो तिचा तो जुना आवाज ऐकत होता, न थांबणारा. कामावर भिमाबाई पोरं सांभाळायची, बाभळीखाली. गौतमीला सकाळपास्नं ताप होता, पण ताप सगळ्याच पोरांना होता. अक्का रांगेच्या पार शेवटाला, बांधावर. तिच्या अलीकडं सुमनबाई, तिची जाऊ, भरल्या दिवसांची. सुमनबाईनं पाटी दिली आणि म्हणाली, पोरगी तुझी वाट बघतीया, ये म्हनलंय. "पोरगी रोजच वाट बघायची. रोजच रडायची. म्या म्हनलं, सुट्टी झाल्याव येते. सुट्टी झाल्याव गेले, तवर गप झाली व्हती." सिद्धलिंगचं लिहिणं थांबलं होतं. अक्का पुढं सांगत राहिली. पोरीला माती दिल्यावर भिमाबाई तिच्याजवळ बसून म्हणाली, अगं, आकडी आली म्हनून सांगितलं व्हतं, लवकर ये म्हनून सांगितलं व्हतं, आली का न्हाईस? तेव्हा कुठं अक्काला कळलं. "मधी धा-बारा बाया. कुनाच्या तोंडातनं काय सांडलं कसं कळावं? पाटी जड, ऊन असलं, कुनी मुद्दाम केलं न्हाय. पर माझ्या कानात घातलं सुमनबाईनं. तिच्या पोटात लेकरू. म्या खरं सांगितलं असतं तर तिनं सगळं सोत्यावर घेतलं असतं, आन ती तशीच हाय, काळजाला लावून घेनारी. मंग म्या म्हनलं, निरोप आला व्हता, म्याच उठले न्हाय." "मालकांना तरी?" "त्येन्ला बी त्येच सांगितलं. येकाला खरं सांगितलं की गावाला कळतंय." ती थांबली. मग सिद्धलिंगच्या नाकाचा आवाज आला आणि अक्का म्हणाली, "पानी देऊ का वो तुमास्नी?"

श्रीपती कुडाला टेकून बसून राहिला होता. वडिलांचं वाक्य, मावशीचं वाक्य, बाजारातल्या माणसाचं वाक्य, ज्यातला एक शब्दही वाटेत गळला नव्हता, ते सगळं अक्कानं स्वतः रचून गावाच्या हाती दिलं होतं आणि मग त्याच गावात ती राहिली होती. उठावं, वळसा घालून दारातून आत जावं, तिच्यासमोर बसावं. अवघी दहाबारा पावलं. पण मुलाखत संपली नव्हती. मध्येच आत गेलं तर ती प्रश्नावली बाद धरावी लागेल, असं त्याच्या डोक्यात आलं. खरोखरच हाच विचार आला. त्याच्या मागून दुसरा आला, की आत जाऊन काय बोलायचं. तेवढ्यात सिद्धलिंगनं खाकरून पुढचा प्रश्न वाचला, घरात रेडिओ आहे का? दुपारी श्रीपती समोरच्या दारातून आला, जेवला, दाजींशी दुधाच्या दराबद्दल बोलला आणि निघाला. जीपमध्ये सिद्धलिंग त्याच्याकडं न बघता म्हणाला, "शेऱ्याच्या रकान्यात लिहून ठेवलंय मी. तुला काढायचं तर काढ." त्यानं काढलं नाही. काढणं म्हणजे माहिती लपवणं, असं तो स्वतःला म्हणाला, आणि सगळ्या प्रश्नावल्यांबरोबर तीही सरांच्या टेबलावर ठेवली.

लोहाऱ्याहून चिंचवंडला तो चालत गेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळं रान उघडं पडलं होतं. दूध संस्थेच्या पत्र्याच्या खोलीपुढं क्यान उन्हात वाळत होते. अक्का घरात एकटीच होती. दाजी कामाला गेले होते, पोरगा शेरडांमागं. त्याला दारात बघून तिनं पहिल्यांदा विचारलं, "आबा बरं हाईत न्हवं?" तो म्हणाला, सगळे बरे आहेत. "मंग असा मधीच?" तो उंबऱ्याजवळ बसला. तिनं पाणी दिलं. तांब्या रिकामा होईपर्यंत त्याला वेळ मिळाला. मग तो म्हणाला, "अक्का, तू सिद्धलिंगला जे सांगितलंस, ते काल पुण्यात वर्गात सांगितलं. आमच्या सरांनी. पुष्कळ माणसं होती." ती चुलीपुढं बसली होती. तिचा हात काटवटीत थांबला. "सुमनबाईचं नाव घेतलं?" "नाही. कुणाचंच नाव नाही. तुझंही नाही." "मंग बरं," ती म्हणाली, आणि पीठ मळू लागली. जरा वेळानं तिनं विचारलं, "लोकं काय म्हनली?" त्याला खोटं बोलता आलं असतं. "लिहून घेतलं त्यांनी," तो म्हणाला. "आन तू?" "मी हसलो." तिला ते कळलं नाही, किंवा कळलं असेल. तिनं वर बघितलं नाही.

"मी त्या दिवशी मागं बसलो होतो," तो म्हणाला. "कुडाला टेकून. सगळं ऐकलं मी."

"म्हाईत हाय की. भेगा हाईत कुडाला. तुझा पांढरा सदरा दिसत व्हता." तिनं पिठाचा गोळा हातावर घेतला. "तू हाईस म्हनून तर बोलले. त्या पोराला कशाला सांगितलं असतं? परक्याचं लेकरू ते."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला काही धरायला मिळालं असतं.

"मला वाटलं, आत येशील. आता उठंल, आता येईल. त्यो पोरगा रेडू हाय का इचारत व्हता आन माझं ध्यान दाराकडं." भाकरी थापायचा आवाज सुरू झाला. "मंग तू दुपारी आलास. म्हनलं, आता मानसं हाईत, जाताना बोलंल. जाताना बी दुधाचंच बोललास."

"चुकलं माझं, अक्का."

"चुकायचं काय त्यात. तुझा नियम व्हता."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. धूर त्याच्या डोळ्यांत गेला आणि त्यानं तो जाऊ दिला. सिद्धलिंगला तिनं सांगितलेलं ते दुसरं उत्तर त्याच्या ओठांवर होतं. विचारू नये असं वाटत असतानाच त्यानं विचारलं, "भाकरी करताना तू माझ्याशी बोलतेस ना?"

अक्कानं भाकरी उलटली. "बोलत व्हते," ती म्हणाली. "त्या दिसापास्नं बोलनं येत न्हाय. पयला तू मनातला व्हतास, मनातला हं म्हनायचा. आता मनातला बी भिंतीमागंच बसतोय."

बाहेर एक शेळी ओरडली, कुणीतरी तिला हाकललं. तव्यावरची भाकरी फुगली तशी तिनं ती काढून चुलीच्या तोंडाशी उभी केली. मग एका ताटात त्याच्यासाठी भाकरी, मिरचीचा ठेचा आणि तेल वाढलं, ताट पुढं सरकवलं. "खा. प्रवास करून आलास." त्यानं ताट ओढलं, पण घास मोडला नाही. ती दुसरा गोळा घेऊन थापू लागली होती. तिचे हात बघता बघता तो बोलू लागला. कुठून सुरुवात करावी हे ठरवलं नव्हतं. पुण्यातल्या खोलीत छपराला पत्रा आहे आणि दुपारी तो तडतडतो, असं काहीतरी तो म्हणाला. मग म्हणाला, खोलीमालक आडनाव विचारून घेतो आणि मग रोज नव्यानं विचारतो. सरांसमोर बोलताना आपण कसं बोलतो ते त्यानं सांगितलं, शब्द आधी मनात धुऊन घेऊन. औरंगाबादला वसतिगृहात पहिल्या वर्षी आपण उशीखाली तोंड घालून रडायचो, हे सांगितलं. गौतमी गेल्याचं कळलं त्या दिवाळीला आपण वडिलांचं खरं मानलं, हेही सांगितलं, आणि ते सांगताना त्याचा आवाज फाटला, तरी तो थांबला नाही. गौतमीचं नाव त्यानं पुन्हा घेतलं. तिला आपण एकदाच कडेवर घेतलं होतं, तिनं आपल्या खिशातला पेन ओढला होता आणि सोडत नव्हती. अक्का भाकरी थापत होती. ती हं म्हणत नव्हती, नाही म्हणत नव्हती. तिची मान खाली होती आणि पदर पुढं आलेला होता, त्यामुळं ती ऐकते आहे की नाही हे त्याला दिसत नव्हतं. ताटातली भाकरी निवून चिवट झाली. तो मध्ये एकदा थांबला, तेवढ्यानं घर एकदम गप्प झालं, आणि त्या गप्पपणाला घाबरून तो पुन्हा बोलू लागला.